स्क्रूशिवाय

धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी मिस्त्रीने बायकोच्या चाकासाठी घरीच मोटर बांधायला घेतली. बायको मातीची भांडी घडवायची. पायाने चाक मारून मारून तिचे गुडघे गेले होते.

मोटर जवळजवळ झाली होती. अडलं होतं एकाच ठिकाणी. दोन्ही रोटर, म्हणजे ताटाएवढ्या लोखंडी चकत्या, शाफ्टवर पक्के बसत नव्हते. स्क्रूने आवळले तरी आठवड्यात ढिले पडत. मग चकत्या नुसत्या गरगरायच्या आणि चाक जागचं हलायचं नाही.

मिस्त्रीने ठरवलं, स्क्रू नकोच. शाफ्ट भोकापेक्षा केसभर जाड कातला. चकत्यांवरची चुंबकं तापली की कामातून जातात, म्हणून ती काढून ठेवली. आता चकती तापवून फुगवायची, शाफ्ट गारठवून आकसवायचा आणि एकात एक सोडायचं. निवल्यावर ते जन्मात सुटत नाही.

"बर्फाच्या खणात लोखंड, ओव्हनमध्ये लोखंड," बायको म्हणाली. "आता ताटात छर्रे वाढू का?"

पहिला शाफ्ट वाया गेला होता. मिस्त्रीचा हात हल्ली कापायचा. चकती तिरकी गेली आणि मध्येच आवळली. शेवटी शाफ्ट करवतीने कापावा लागला. दुसरा आता शिकंज्यात आवळून उभा होता, अंगावर पांढरं दव धरून. मिस्त्रीने जाड हातमोजे बायकोपुढे धरले. मध्य साधून तापलेली चकती सोडून द्यायची, वाटेत थांबायचं नाही, एवढंच त्याने सांगितलं. मध्य साधण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं.

ती मोजे घेईना. स्क्रू काय वाईट होता, असं म्हणू लागली.

"ढिला झाला की तुम्हाला हाक मारीन. त्यात काय एवढं?"

"आणि हाकेला मी नसलो तर?"

डॉक्टरने त्याला काय सांगितलं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. घरात त्याचा उच्चार नव्हता. शाफ्टवरचं दव ओघळायला लागलं. मिस्त्रीने तिला घाई केली नाही.

तिने मोजे घातले.

चकती सरळ खाली गेली आणि शाफ्टच्या खांद्यावर टेकली. शाफ्ट पुन्हा गारठवून संध्याकाळी दुसरीही तिनेच सोडली. मिस्त्रीने दोन्ही हातांनी पिरगाळून पाहिलं. तसूभर हललं नाही. कितीतरी दिवसांनी तो मनापासून हसला.

ती स्टुलावर बसून होती.

"आता तुम्हाला कशासाठी हाक मारायची?"

"चहासाठी मार की."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. मिस्त्री त्यानंतर अकरा वर्षं होता.