मोज्यातले लाडू

लालबागची खोली सोडून सुनेने वरळीला वेगळा संसार थाटला, तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नव्हते. सोमवारी मुलाने सगळ्यांना थीम पार्कला नेलं. उंच पाळण्याचं आगाऊ बुकिंग तिघांचंच मिळालं. मुलगा नातवंडांना घेऊन आत गेला; आम्ही सासूसुना दीड तासाच्या साध्या रांगेत राहिलो. मग तिने पर्समधून धाकट्याचा मोजा काढला. आत राजगिऱ्याचे दोन लाडू! “गेटवर खाऊ काढून घेतात. तुमचा उपास ना, आई? मोजा धुतलेला आहे हं!” मला हसूच फुटलं. शंकराचं नाव घेऊन एक खाल्ला, विचारलं, “नव्या घरात पाणी येतं का गं?” ती सांगू लागली. तेवढ्यात रांगेवरचा माणूस म्हणाला, “आजी, पुढचे दोन बुकिंगवाले आले नाहीत, त्यांच्या जागी तुम्ही चला.” म्हटलं, “मागच्यांना सोडा, दादा. आमचा अजून एक लाडू उरलाय.”