बॉनेटवरचा बिबट्या

“काळी मार,” भिकाजी म्हणाला. “एकदम कडक. दया करू नको.”

अरविंदने तोंडावरचा मुखवटा वर सरकवला. महाडच्या एमआयडीसीत तो टाक्यांचा गंज हवेच्या झोताने खडी मारून उडवायचा. आज शेडमध्ये टाकी नव्हती. सत्तर सालची जीप होती, आणि जीपमागे दोन टेम्पो भरून आलेलं कुडपण गाव होतं. समोर तीन पोती उघडी होती. एकात तांब्याच्या भट्टीतली काळी, धारदार खडी. दुसऱ्यात काचेचे बारीक मणी. तिसऱ्यात करवंटीचा भुगा.

“काका, काळी खडी टाकीला ठीक. या पत्र्याला मारली तर चाळण होईल. करवंटी रंग खाते, पत्रा सोडते.”

“मंग नदीची वाळू मार.”

“वाळू मी मारतच नाही. धूळ छातीत बसते.” अरविंदने म्हाताऱ्याला नीट निरखलं. “पत्रा फाटावा असं का वाटतंय तुम्हाला?”

भिकाजी मिशी चावत राहिला.

सबंध पोलादपूर तालुक्यात त्याला आडनावाने कुणी ओळखत नव्हतं. तो ‘बिबट्याचा भिकाजी’. वरंध घाटात याच जीपच्या बॉनेटवर बिबट्याने झेप घेतली, नखांनी पत्रा ओरबाडला आणि भिकाजीने त्याला नुसत्या हॉर्नवर पळवून लावलं. छत्तीस वर्षं तो हे सांगत होता. सुरुवातीला बिबट्या बोक्याहून जरासा मोठा होता. मग तो दर शिमग्याला वीतभर वाढत गेला. हल्ली तर त्याला घाटात वळायला जागा पुरत नसे. नखांच्या खुणा मात्र कुणी पाहिल्या नव्हत्या. गाडी देखणी दिसावी म्हणून आपण त्या लगोलग पुट्टीने बुजवल्या, असं भिकाजी सांगायचा. पुट्टीवर मग रंगाचे थर चढले. दर निवडणुकीला एक.

आता गावाने ठरवलं होतं, जीप वेशीवर उभी करायची. बॉनेट रंगाशिवाय, नखं उघडी. शेजारी भिकाजीच्या नावाचा फलक. कल्पना मुंबईहून आलेल्या सुहासची. तो मोबाइल रोखून तयारच होता. “काका, टेन्शन नाय घ्यायचं. एकदम ओरिजिनल नख पायजे आपल्याला.”

भिकाजीला टेन्शन एवढंच होतं, की पुट्टीखाली नख नव्हतं. एकही नाही. पत्रा फाटला असता, तर नखं पत्र्याबरोबर गेली म्हणता आलं असतं. मेस्त्रीला चार शिव्या पडल्या असत्या आणि नाव शाबूत राहिलं असतं.

“करवंटीच मार रे बाबा,” त्याची बायको ठकूबाई उलट्या डब्यावर बसून म्हणाली. “लगीन यांच्याशी लागलं, पन संसार बिबट्याशी झाला माझा. बघू दे तरी सवतीचा पंजा.”

गाव खो खो हसलं. करवंटी ठरली.

अरविंदने सगळ्यांना ताडपत्रीच्या पडद्याबाहेर काढलं. मशीन घरघरलं. सुहास फटीतून सांगत होता, “पिवळा गेला. निळा गेला. हिरवा गेला.” मग धुळीने फटही बुजली. भिकाजीने मनातल्या मनात तीन सबबी जुळवल्या. तिन्ही बायकोच्या तोंडापुढे टिकणाऱ्या नव्हत्या.

मशीन थांबलं.

बराच वेळ आतून काहीच ऐकू येईना. मग ते पुन्हा सुरू झालं, पण आवाज बदलला होता. मघाशी सुपात तांदूळ पाखडल्यासारखा होता, आता तापल्या तव्यावर मीठ पडावं तसा तडतडत होता. थोड्या वेळाने तोही थांबला.

“या आत,” अरविंदने हाक दिली.

धूळ खाली बसली. उघड्या पत्र्यावर चार खोल चरे होते. तिरके, शेजारीशेजारी, टोकाला निमुळते.

एकाने नकळत चपला काढल्या. सुहासच्या हातातला मोबाइल खाली आला. ठकूबाईने तोंडावर पदर धरला.

“अगो बाई! खरा होता?”

सगळ्यांत जास्त हादरला तो भिकाजी. त्याने बोटाने एक चरा चाचपला, चटका बसावा तसा हात मागे घेतला आणि झटकन मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्याचा ऊर भरून आला असं समजून गावाने त्याला खुर्चीवर बसवलं, टाळ्या पिटल्या आणि सगळे चहाला बाहेर पळाले.

आत दोघेच उरले.

“बिबट्या नव्हता रे,” भिकाजी पुटपुटला.

“ठाऊक आहे. पुट्टीखाली नुसता पोचा निघाला. दगडाला धडकल्याचा.”

“मंग ही नखं?”

अरविंदने काळ्या खडीच्या पोत्याकडे मानेने खूण केली. पोतं अर्धं रिकामं होतं.

“आरं, पन का?” भिकाजीचा आवाज चिरकला. “तुला काय पडलीय माझ्या बिबट्याची? वरंधची एक बाय अडली व्हती, तिला महाडच्या दवाखान्यात आणत व्हतो. वाटंत ती डोळं मिटाय लागली. जागी राह्यली पायजे म्हनून तोंडाला आला तो बिबट्या सांगितला. वाटंतच मोकळी झाली, आनि वाचली. मंग तिनंच तो मुलूखभर केला. मी मागं कसा घेणार?”

अरविंदने पोत्याचं तोंड आवळून गाठ मारली.

“बिबट्याचा पंजा बॉनेटवर पडला आणि त्याच क्षणी मी बाहेर आलो, असं आई अजून ज्याला त्याला सांगते. तिला मी काय सांगायचं होतं, काका? नुसता पोचा होता म्हणून?”