लांडग्याचं नाव

दवाखान्यातल्या चाचणीत डॉक्टरने लांडग्याचं चित्र समोर धरताच झूराआपा चालता चालता मध्येच थांबल्या. भिंतीला हात टेकवून बराच वेळ शब्द शोधत राहिल्या, मग म्हणाल्या, "तो... रात्री ओरडतो तो."

डॉक्टर नुरझात तालुक्याच्या दवाखान्यात नवीनच आली होती. तिने झूराआपांच्या सुनेला, गुलबाराला, बाजूला घेऊन समजावलं. मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या वाटा झिजल्या, की चालणं आणि बोलणं एकदम जमत नाही. त्यांना उन्हाळ्यात गुरांबरोबर डोंगरातल्या वरच्या कुरणावर नेऊ नका, थोरल्या मुलाकडे शहरात, बिश्केकला ठेवा.

थोरल्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि दिवसभर बाहेरून कुलूप. सासू तिथे झुरून मरेल, हे गुलबाराला स्वच्छ दिसत होतं.

"शब्द विसरल्या नाहीत हो त्या," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यांचं नावच ते आहे. त्या जनावराचं. बायकोने नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मीसुद्धा घेत नाही."

डॉक्टरला हसू आलं. तिच्या आजीनेही आयुष्यभर असंच केलं होतं. पण चाचणीत अंदाजाने गुण देता येणार नाहीत, महिन्याने पुन्हा बघू, असं ती म्हणाली.

मग गुलबारा रोज सासूचा हात धरून तिला अंगणात फिरवू लागली. चहा ओतताना गळ घालायची, एकदाच घ्या नाव, गेलेलं माणूस रागावायचं नाही.

"जन्मभर तोंड सांभाळलं, ते आता बाटवू?" सासू सुरुवातीला फणकारायची. "तू तुझा चहा बघ आधी. नुसतं पाणी आहे."

पुढे पुढे तिने फणकारणंही सोडलं. मुकाट्याने पातळ चहा प्यायची. सासू विरघळतेय, असं गुलबाराला वाटलं.

महिन्याने झूराआपा दवाखान्याच्या ओसरीवरून भिंतीला हात न लावता चालल्या. डॉक्टरने चित्र धरलं.

"लांडगा," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. पाऊल थांबलं नाही.

डॉक्टर खूश झाली. रोजच्या चालण्याने मेंदूच्या वाटा मोकळ्या झाल्या म्हणाली, आणि कुरणावर न्यायला परवानगी दिली.

बाहेर थंड वारा होता. गुलबाराने सासूच्या कोटाची बटणं लावली, रुमाल नीट बांधला. बोलताना तिला रडू आवरेना.

"आपा, माझ्यासाठी तुम्ही त्यांचं नाव घेतलंत."

"कुणाचं?" झूराआपांनी विचारलं. मग त्यांनी तिच्या गालावरून मायेने हात फिरवला. "गुणाची पोर आहेस. कुणाची सून गं तू?"