आधीचा चेहरा

बँकॉकच्या क्लिनिकने दाओचं नाक फुकट घडवलं आणि बदल्यात तिचा चेहरा जाहिरातीला घेतला. नव्या नाकाच्या दाओने घरातले जुने फोटो जाळले. वर्षभरापूर्वी ती तापाने गेली. आता तिची आई क्लिनिकच्या जाहिराती करणाऱ्या सिरिनसमोर उभी होती. "वर्षाच्या पूजेला भिक्खू येतील. फोटोत मला माझी जुनी दाओ हवी. स्वप्नात येते ती परकीच वाटते." सिरिनने शस्त्रक्रियेआधीचा फोटो छापून दिला. म्हातारीने नाकावरून बोट फिरवलं. "हीच. पण एवढी उदास का गं?" "जाहिरातीत आधीचा फोटो रडकाच लागतो, मावशी. मी तिला म्हटलं, नवरा पळाल्यासारखं तोंड कर. तर ती जास्तच खिदळली. ते हसरे फोटो आम्ही पुसून टाकले." म्हातारी खुर्ची ओढून समोर बसली. "म्हणजे तिचं खरं हसू तू पाहिलंस. मला आता जाहिरातीतलंच आठवतं. करून दाखव ना, पोरी."