संध्याकाळचे पेपर

"शनिवारी संध्याकाळी लॉजिक, रविवारी दोन्ही वेळा इंग्रजी!" भालेरावानं नोटीस मोठ्यानं वाचली. "मग तालीम काय पहाटे गोदावरीत उभं राहून करायची?"

कॉलेजची डिसेंबरची परीक्षा या वर्षी संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी होती. दिवसाचे तास बुडू नयेत, एवढंच कारण खाली लिहिलेलं. जानेवारीतल्या संमेलनाच्या नाटकाला तालमीसाठी नेमक्या त्याच वेळा मिळायच्या.

शामसुंदर नोटीस पुन्हा वाचत होता. संमेलनाचा सेक्रेटरी तो. गेल्या वर्षी त्यानं बसवलेल्या नाटकात नायिकेचा आवाज इतका घोगरा होता, की प्रेक्षकांनी तिला शेवटपर्यंत 'मामा, मामा' म्हणून हाका मारल्या. वर्षभर लोक शामसुंदरालाही मामाच म्हणत. ते नाव या वर्षी पुसायचं होतं.

आणि या वर्षी त्याच्याकडे हनीफ होता. पदर घेऊन हनीफ दोन पावलं चालला, की भालेरावासारखा नायकसुद्धा आपली वाक्यं विसरे. खोड एकच. सकाळचे तास संपले की स्वारी गायब, ती एकदम संध्याकाळी तालमीला उगवे.

"असतोस कुठं रे?" खादीची टोपी सारखी करत शामसुंदरानं एकदा विचारलं होतं.

"देवळालीला."

"तिथं काय? गोऱ्यांची कवायत बघत बसतोस? त्यांचा हमाल झालास की काय?"

"आत्याकडे असतो. जेवलं की तिच्या गादीवर जी झोप लागते!"

"आणि बाहीला हे पांढरं?"

"आत्यानं भिंतींना चुना दिलाय."

सध्या रमजान होता. दिवेलागणीला हनीफ विंगेत उभा राहून खजूर तोंडात टाकी. तोवर तालीम थांबे. भालेराव स्वतः पाण्याचा पेला धरून उभा राही आणि म्हणे, "प्या बाईसाहेब, मग रुसा."

त्या पेल्यावरूनच शामसुंदराला सुचलं. कोण माणूस कशानं विरघळतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं मांडलेलं असे. नाटकाचं नाव काढलं तर प्रिन्सिपॉल उभं करणार नाहीत, दुसऱ्याच्या उपवासाचं काढलं तर बसायला खुर्ची देतील. हनीफला मात्र त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तो भिडस्त पोरगा नकोच म्हणाला असता.

प्रिन्सिपॉल गंगाधरपंत बंगल्याच्या ओसरीवर पेन्सिलीला टोक करत बसले होते.

"नाटकाचं गाऱ्हाणं असेल तर आल्या पावली परत जा."

"नाटक? छे, सर! हनीफसाठी आलोय."

चाकू थांबला. "हनीफसाठी? त्याचं काय?"

"रोजे चालू आहेत त्याचे. ऐन सोडायच्या वेळी पेपर. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, वर तीन तास लिहायचं."

"त्यानं पाठवलं तुला?"

"तो कसला पाठवतोय! आपल्यापायी दुसऱ्यांना त्रास नको म्हणून तोंड शिवून बसलाय."

गंगाधरपंतांनी चाकू मिटून ठेवला. "मला त्यानं हे सांगायला हवं होतं. बरं, पेपर दुपारी ठेवले तर त्याचं काही अडणार नाही ना?"

"दुपारी? दुपारभर तो आत्याच्या गादीवर घोरत असतो, सर."

"घोरत असतो? म्हणजे तेही सुटलं तर," ते पुटपुटले. शामसुंदराचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी समोरचा कागद पुढं ओढला होता, आणि तो त्या कागदाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी नोटीस लागली. सगळे पेपर दुपारी बारा ते तीन, शनिवार-रविवार मोकळे. मुलांनी टोप्या उडवल्या. भालेराव हनीफला उचलायलाच निघाला.

हनीफ नोटीस वाचत होता. "सरांकडे कोण गेलं होतं?"

"मी!" शामसुंदर म्हणाला. "तुझ्या रोज्यांसाठी. आभार मान की!"

"मानतो," हनीफ म्हणाला. मग पायांत वहाणा सरकवून चालू लागला. "देवळालीला जाऊन येतो."

संध्याकाळी सगळे जमल्यावर तो आला. बगलेत गाठोडं होतं. त्यानं ते उघडून नऊवारी लुगडं आणि केसांचं गंगावन शामसुंदरापुढं ठेवलं.

"नायिका दुसरी बघा. संमेलन होईपर्यंत मला संध्याकाळी यायला जमणार नाही."

"का? आत्यानं गादी उचलली वाटतं?"

"आत्या नाहीच मला. कँपात दोन गोरे कप्तान आहेत, त्यांना दुपारी हिंदुस्थानी शिकवतो. माझी फी त्यातूनच निघते. तुम्ही खादीवाले गोऱ्यांचा मुनशी म्हणून चिडवाल, म्हणून बोललो नाही."

"त्यांचीही हिंदुस्थानीची परीक्षा तोंडावर आलीय," हनीफ पुढं म्हणाला. "एक दिवस खाडा चालत नाही. दुपारी पेपर म्हटल्यावर हातापाया पडून शिकवणी संध्याकाळवर नेली. एकदा नेली ती त्यांची परीक्षा होईपर्यंत तिथंच राहील. बदल हवा असेल तर उद्या सकाळपर्यंत कळव, म्हणालेत."

शामसुंदर उठलाच. "मग बसलायस काय? चल सरांकडे! पाहिजे तर मी त्यांचे पाय धरतो. पेपर पुन्हा संध्याकाळी करून घेऊ. चार तालमी बुडाल्या तर बुडू देत, पण तू हवास!"

बाहेर दिवे लागले होते. भालेरावानं सवयीनं पाण्याचा पेला पुढं केला. हनीफनं खिशातून दोन खजूर काढले, एक तोंडात टाकला, दुसरा शामसुंदराच्या हातावर ठेवला.

"आता कुठल्या तोंडानं जाऊ, शाम? शिकवणीपायी पेपर संध्याकाळी ठेवा म्हणून त्यांच्या दारात तास तास उभा राहिलो होतो, तो मीच."