मधली रेघ

गुंडू पेंटरनं थिनरमध्ये भिजवलेलं फडकं इंजिनावरच्या टॅपेट कव्हरवरून फिरवलं, तसा चंदेरी रंग सुटला आणि खालून हिरवा वर आला.

"काका, पुढं या," ऋषभ म्हणाला. "हाच का?"

मल्लिकार्जुन स्टुलावरून उठला, पण लगेच पुढं गेला नाही. जीपचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलं होतं. चाकं नव्हती, वरचा टप नव्हता. कोरी असल्यापासून बावीस वर्षं या गाडीनं कोडोली ते कोल्हापूर शिटा भरून वडाप केलं आणि बावीस वर्षं तिचं स्टिअरिंग त्याच्याच हातात होतं. आता ती कळंब्याच्या या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी होती आणि तो तिच्याकडं पावण्यासारखा बघत होता.

ऋषभ तिचा नवा मालक. त्याच्या हातात इंटरनेटवरून काढलेल्या कागदांची चवड होती.

"एकात लिहिलंय इंजिन करडं, दुसऱ्यात हिरवट. एक जण तर काळं म्हणतो. मला अंदाज नको, काका. कंपनीतून आली तेव्हा जो रंग होता तोच पाहिजे. ती तशी बघितलेलं तुमच्याशिवाय आता कोणी नाही, म्हणून तुम्हाला एवढ्या लांब आणलं."

मल्लिकार्जुनला रंग माहीत होता. करडा. तो हिरव्याच्या खाली होता. हिरवा त्यानंच दिला होता, आठ वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला; घराच्या दारासाठी आणलेल्या डब्यातला उरलेला. सांगायला एक शब्द पुरे होता. पण करडा म्हटलं की गुंडू हिरवा घासून काढणार, आणि हिरव्यावर, कव्हरच्या कोपऱ्यात, जिथं फडकं अजून पोचलं नव्हतं, तिथं त्याच्या बायकोची, महादेवीची, तीन बोटं उमटलेली होती.

त्या सकाळी रंग ओला असतानाच ती विभूतीची वाटी घेऊन आली होती. तो खेकसला, "वाळू दे की जरा."

"वाळल्यावर लावलं तर टिकतंय व्हय?" म्हणत तिनं बाजूनं हात घालून तीन बोटं ओढली. रेघा उभ्या आल्या, रंगात रुतल्या, विभूती त्यांत बसली. मधली वाकडी आली. तिचं ते बोटच वाकडं होतं. एकदा याच जीपचं बॉनेट मल्लिकार्जुनच्या हातून निसटलं होतं.

पुढच्या खंडेनवमीला ती नव्हती. रेघांना कुणाचं फडकं लागू नये म्हणून त्यानं वरून सिल्व्हर मारला. वर्षभरात गाडी विकली. विकताना रेघांचं कुणाला सांगावं, आणि काय म्हणून सांगावं, ते त्याला सुचलं नव्हतं.

फडकं कोपऱ्यापर्यंत गेलं.

"थांब, थांब." ऋषभनं बॅटरीचा उजेड पाडला आणि तो खाली वाकला. विभूती तेलानं काळपटली होती, पण रेघा होत्या तशा होत्या. "हे वरून काढलेलं नाही, रंगातच आहे. काका, ही कंपनीची खूण दिसते. इंजिन तपासून झालं की मारत असतील. म्हणजे हिरवाच मूळचा. होय ना?"

'पाच मिनिटांत गाडी सुटती' याच्यापलीकडं खोटं मल्लिकार्जुन कधी कुणाशी बोलला नव्हता.

"व्हय," तो म्हणाला. "कंपनीचाच. रेघा बी कंपनीच्याच."

ऋषभनं त्याचे दोन्ही हात धरले. मल्लिकार्जुन स्टुलावर परत बसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. कंपनीचं आहे म्हटल्यावर आता त्याला कोण हात लावतंय.

ऋषभनं फोटो काढले. मग खिशातली पट्टी काढून एकेक रेघ मोजली, वहीत लिहिली आणि वही मिटली.

"गुंडूमामा, आता सगळं घासून लोखंड वर काढा. हाच हिरवा जुळवून दोन हात द्या. आणि शेवटी याच मापाच्या तीन रेघा."

"घासायचं?" मल्लिकार्जुन अर्धवट उठला. "कंपनीचं हाय की ते."

"म्हणूनच तर, काका. अगदी कंपनीतून आल्यासारखं नवं करायचं."

गुंडूनं माप बघायला आपली तीन बोटं रेघांवर ठेवली. ती बसेनात.

"अण्णा, कंपनीत लई बारीक हाताची माणसं होती म्हणायची," तो हसत म्हणाला.

मल्लिकार्जुन त्या बोटांखालच्या रेघांकडंच बघत होता. गुंडूनं बोटं उचलली. एकदा रेघांकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि त्याचं हसू गेलं.

"मधली जरा वाकडी आलीय," ऋषभ पट्टी टेकवत म्हणाला. "नवी मारताना सरळ मारा."

"नको," मल्लिकार्जुन म्हणाला.

दोघंही त्याच्याकडं वळले.

"वाकडीच असू दे. समद्या गाड्यांना तशीच यायची."

ऋषभनं वही पुन्हा उघडून तेही लिहून घेतलं. गुंडूनं वॉटर पेपर पाण्यात बुडवला आणि कव्हरच्या दुसऱ्या टोकापासून घासायला सुरुवात केली.