मेलेल्याची शिकवणी

हुजूर, सईदीन मास्तरची मय्यत सकाळपासून तुम्ही उन्हात ठेवलीत. इमामाने नाही, गावाने नाही. तुमच्या सहीच्या कागदाने ठेवली. घरचे तलकिनीला, म्हणजे कबरीवरच्या पढवणीला, कबूल नसतील तर मशिदीचा जनाजा द्यायचा नाही, नमाज पढायची नाही, खांदा देईल त्याला दंड. पेराक नदीचं कथील गोऱ्यांनी नेलं, जमीन नेली, जकात नेली. राजवाड्याच्या हाती तेवढा धर्म ठेवला आणि रीतभात ठेवली. मग तुम्ही हुकमत गाजवणार कोणावर? मढ्यावर.

दुपारी वास सुटला तेव्हा मास्तरच्या बायकोने, अंदाक रामलाने, मान हलवली. मग जनाजा निघाला.

माती लोटून झाली. कबर खणणारा पांदाक सोहोर फावड्यावर हात टेकून घाम पुसू लागला. गाव ज्यांना तोक इमाम म्हणतं ते म्हातारे इमाम कबरीच्या उशाशी चटईवर बसले. कॉफीच्या दुकानाचा मालक उदा दारुस त्यांच्यावर छत्री धरून उभा राहिला. याच्याच दुकानात मास्तर सिंगापूरचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा. कोण आपल्याला लुटतं आणि आपण कसे झोपलोय, ते.

तेवढ्यात पुरुषांत चुळबुळ झाली. रामला कबरस्तानात आली होती.

"अंदाक, घरी जा," तोक इमाम म्हणाले. "नवरा जाऊन एक दिवस झाला नाही. लोक काय म्हणतील?"

"लोक इथेच आहेत. म्हणू देत. तुम्ही वाचा."

तोक इमामांनी कागद उघडला आणि ते अडले. तलकिनीत मेलेल्याला त्याच्या आईच्या नावाने हाक मारायची असते. मग कबरीत देवदूत जे जे विचारतील त्याची उत्तरं त्याला पढवायची. पण सईदीन मूळचा सुमात्राचा. वीस वर्षांपूर्वी होडीतून एकटाच आलेला. त्याच्या आईचं नाव गावात एकाच माणसाला ठाऊक होतं.

"तुझ्या सासूचं नाव काय गं?"

रामला कबरीच्या मातीकडे बघत राहिली.

"अगं, तुला विचारतोय."

"मी तलकिनीला मान हलवली. नाव द्यायचं कुठे ठरलं होतं?"

पांदाक सोहोरला हसू आलं. त्याने ते खोकून घालवलं.

"हट्टाची वेळ आहे का ही?" तोक इमाम चिडले. "नावाशिवाय हाक त्याला पोचायची कशी?"

"त्याला नकोच होती. कुराणात नाही म्हणायचा. तीन माणसांदेखत सांगून गेलाय. माझ्यामागे तलकीन नको, जेवणावळी नकोत. त्या तिघांतला एक तुमच्यावर छत्री धरून उभा आहे."

छत्री हलली. तोक इमामांच्या डोळ्यांवर ऊन आलं.

"नीट धर रे!"

"धरतोय, तोक," उदा दारुस पुटपुटला. रामलाकडे त्याने बघितलं नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, "नाव ठाऊक नसलं तर हव्वाचा मुलगा म्हटलं तरी चालतं."

"म्हणा की," रामला म्हणाली. "हव्वाची तर आपण सगळीच. एवढ्या कबरस्तानातून कोण कोण उठून 'ओ' देतंय, बघू या."

या वेळी दोघे-तिघे हसले. तोक इमामांनी हसणाऱ्यांकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी घसा साफ केला, "हव्वाच्या मुला, सईदीना" अशी हाक मारली आणि कागद घाईघाईने वाचून काढला. सगळा अरबीत. पुरुषांनी माना खाली घातल्या आणि जिथे आमीन म्हणायचं तिथे आमीन म्हटलं.

वाचून झालं. रामला जागची हलली नव्हती.

"काय सांगितलंत त्याला?"

"उत्तरं."

"ती कळली. काय उत्तरं? आपल्या मलायीत सांगा."

तोक इमाम कागदाची घडी घालू लागले. घडी चुकली. परत घातली. "हे माझ्या वडिलांनी असंच वाचलं. त्यांच्या वडिलांनीही असंच."

"अर्थ?"

"अर्थ वरचे लोक जाणतात."

"माझा नवरा जाणत होता," रामला म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "खांबांवर उभ्या आमच्या घराखाली चाळीस पोरं बसायची. पोरीसुद्धा. त्यांना तो हेच सगळं मलायीत सांगायचा, अर्थासकट. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही येऊन फळा उचलून नेलात. का, तर शिकवायला वरची सही लागते."

"मी काय करू, बाई? तोही कागद वरूनच आला."

"मग वरच्यांनाच विचारा. जिवंत पोरांना शिकवणं गुन्हा, आणि मेलेल्या मास्तरला शिकवायची सक्ती? विचारा जाऊन. मी बसते इथे."

आणि ती बसली. सुतकातली बाई, कबरीच्या ओल्या मातीला टेकून, सगळ्या पुरुषांसमोर. तोक इमाम उठले, चटई झटकून निघाले. लोक पांगले. उदा दारुस मिटलेली छत्री हातात घेऊन थोडा वेळ घुटमळला आणि तोही गेला.

पांदाक सोहोरने फावडं खांद्यावर टाकलं. "अंदाक, चल आता. वरचे लोक काय इथे येणार आहेत?"

"निरोप तरी जाऊ दे," ती म्हणाली.

हुजूर, हाच तो निरोप. उत्तर द्या. आणि आम्हाला कळेल अशा भाषेत द्या.